शपथ नको, परीक्षा नको

२१ ऑगस्ट १८८५ ही तारीख असलेल्या एका मृत्युपत्राने स्कॉटलंडच्या चार जुन्या विद्यापीठांना ८० हजार पौंड मिळवून दिले. मृत्युपत्र करणारे ॲडम गिफर्ड हे एडिंबरोचे निवृत्त न्यायाधीश. पक्षाघाताने ते बरीच वर्षे आजारी होते आणि त्यापायीच त्यांना न्यायासन सोडावे लागले होते. मुलाची आणि नातलगांची सोय लावून झाल्यावर उरलेल्या पैशाची त्यांनी अशी वाटणी केली: एडिंबरोला २५ हजार, ग्लासगो आणि ॲबर्डीनला प्रत्येकी २० हजार, सेंट अँड्र्यूजला १५ हजार. या ठेवींच्या व्याजातून प्रत्येक विद्यापीठाने व्याख्याने ठेवायची होती. विषय एकच, ‘नॅचरल थिऑलॉजी’. ईश्वराविषयी आणि नीतीच्या पायाविषयी माणसाला केवळ आपल्या बुद्धीच्या आणि अनुभवाच्या बळावर काय कळू शकते, याचा शोध. ग्रंथप्रामाण्य, साक्षात्कार, चमत्कार यांचा आधार घ्यायचा नाही. खगोलशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवावे तसा हा विषय शिकवायचा.

गिफर्ड २० जानेवारी १८८७ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी व्याख्याने सुरू झाली. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही ती चालू आहेत. मानव्यविद्यांच्या क्षेत्रात ‘गिफर्ड व्याख्यानां’चे निमंत्रण हा मोठा मान समजला जातो. विसाव्या शतकातले कितीतरी महत्त्वाचे ग्रंथ आधी या व्यासपीठावर बोलले गेले आणि नंतर छापले गेले. पुढील पानांत त्यांतल्या काहींचा परिचय आहे. त्याआधी ही मालिका टिकली कशी, हे पाहायला हवे. पैसा मोठा होता हे खरे, पण मोठ्या ठेवींवर सुरू झालेल्या आणि पुढे नुसत्या वार्षिक औपचारिकतेपुरत्या उरलेल्या व्याख्यानमाला कोणत्याही देशात सापडतात. गिफर्डमालेचे रहस्य मृत्युपत्रातल्या अटींमध्ये आहे.

गिफर्ड कायद्याचे पंडित. कोणत्या शब्दातून पुढे कोण कसली पळवाट काढील, याची त्यांना चांगली जाण होती. वक्त्याच्या बाबतीत मात्र त्यांनी एकामागून एक दारे उघडत नेली. वक्त्याची कसलीही परीक्षा घ्यायची नाही. त्याच्याकडून कसलीही शपथ घ्यायची नाही. तो कोणत्याही पंथाचा असो वा कोणत्याच पंथाचा नसो, कोणत्याही धर्माचा असो वा निधर्मी असो. लोक ज्यांना संशयवादी, अज्ञेयवादी किंवा स्वतंत्र विचारांचे म्हणतात त्यांतला असला तरी हरकत नाही. तो समर्थ असावा, विषयाबद्दल आदर बाळगणारा असावा आणि सत्याचा मनापासून शोध घेणारा असावा, एवढेच पुरे. नेमणूक दोन वर्षांची. ती पुन्हा करता येईल, पण एका शहरात एकाच माणसाला सहा वर्षांपेक्षा जास्त काळ बोलू द्यायचे नाही. आणि व्याख्याने सार्वजनिक हवीत. विद्यापीठात नाव घातलेले असो वा नसो, गावातल्या कुणालाही येऊन बसता आले पाहिजे. शुल्क घ्यायचेच तर नाममात्र घ्यावे.

हे किती धाडसाचे होते, ते त्या विद्यापीठांचा इतिहास पाहिल्यावर समजते. डेव्हिड ह्यूम हा स्कॉटलंडचा सर्वांत मोठा तत्त्वज्ञ. पण १७४५ साली एडिंबरोचे अध्यासन त्याच्या हातून गेले आणि काही वर्षांनी ग्लासगोचेही. दोन्ही वेळा धर्ममंडळींचा विरोध आडवा आला. प्राध्यापकाने प्रस्थापित चर्चच्या श्रद्धेला बांधून घेतले पाहिजे, ही अट धर्मशास्त्राखेरीजच्या अध्यासनांसाठी रद्द झाली ती थेट १८५३ साली. गिफर्ड तेव्हा तेहेतीस वर्षांचे तरुण वकील होते. ज्या संस्थांनी ह्यूमला दाराबाहेर ठेवले, त्याच संस्थांना त्यांनी पुढे पैसे दिले. मात्र ह्यूमसारखा माणूस आला तर त्याला आत घ्यावे लागेल, अशी तजवीज करून.

विषय बांधायचा आणि वक्ता मोकळा सोडायचा, ही या मालिकेची घडण. नेहमीचा रिवाज याच्या नेमका उलट असतो. विषय ‘समाज आणि संस्कृती’ इतका सैल ठेवायचा आणि बोलायला मात्र आपल्यातलाच, बिनधोक माणूस बोलवायचा. गिफर्डांनी एक अवघड प्रश्न कायमचा टेबलावर ठेवून दिला आणि उत्तर कुणाकडून यावे याबद्दल हट्ट धरला नाही. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला उत्तरे मिळाली, तशीच हा प्रश्नच चुकीचा आहे असे बजावणारी व्याख्यानेही मिळाली. मालिकेचा जिवंतपणा या दुसऱ्या प्रकारात अधिक दिसतो.

गिफर्ड स्वतःही हौशी वक्ते होते. इमर्सनचे चाहते, स्पिनोझाचे वाचक. वकिली आणि न्यायदान सांभाळून ते गावोगावच्या छोट्या मंडळांपुढे बोलत. त्यांची भाषणे त्यांच्या निधनानंतर, १८८९ साली, पुस्तकरूपाने निघाली. त्यांत इमर्सनवर भाषण आहे, क्लेअरव्होच्या संत बर्नार्डवर आहे आणि ‘ब्रह्म्याच्या दहा अवतारां’वरही आहे. दशावतारी नाटके पाहत वाढलेला कोकणातला किंवा गोव्यातला वाचक येथे थबकेल, कारण अवतार विष्णूचे. पण भारतात न राहिलेला एक स्कॉटिश न्यायाधीश एकोणिसाव्या शतकात आपल्या गावच्या मंडळींना अवतारकल्पना समजावून सांगतो, यावरून त्याच्या मनाचा कल कळतो. आपल्या धर्माबाहेरही काही कळण्याजोगे आहे, असे त्याला वाटत होते.

ग्लासगोने पहिला वक्ता निवडला तो या कलाला साजेसा. ऋग्वेदाची सायणभाष्यासह छापील आवृत्ती सिद्ध करणारे माक्स म्यूलर १८८८ मध्ये व्यासपीठावर आले आणि १८९२ पर्यंत त्यांनी चार व्याख्यानसत्रे दिली. त्यांतून चार ग्रंथ झाले. शेवटच्या ग्रंथात वेदान्ताची सविस्तर चर्चा आहे. सर्व धर्मांकडे तुलनेने पाहावे, ख्रिस्ती धर्मालाही त्यातून वगळू नये, हा त्यांचा बाणा. व्हायचे तेच झाले. १८९१ साली ग्लासगोच्या धर्मसभेत त्यांच्यावर श्रद्धेला सुरुंग लावल्याचे आणि सर्वेश्वरवाद पसरवल्याचे आरोप ठेवले गेले. पण ठराव फसला आणि व्याख्याने ठरल्याप्रमाणे पार पडली. वक्त्याला परीक्षा नाही, हे कलम कागदावरून व्यवहारात आले ते असे. मराठी माणसाला म्यूलर आणखी एका कारणाने ठाऊक आहेत. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडमधून जो अर्ज गेला त्यावर म्यूलरांची सही होती.

सुरुवातीच्या वक्त्यांत सेंट अँड्र्यूजला अँड्र्यू लँग होते आणि ॲबर्डीनला मानवशास्त्राचे एक आद्य अभ्यासक एडवर्ड टायलर. म्हणजे ईश्वरविषयक व्याख्यानमालेच्या पहिल्या फळीत लोककथांचा संग्राहक आणि आदिम समाजांचा अभ्यासक बसलेले. धर्म हा विषय धर्मपंडितांकडून काढून भाषाशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्याकडे सोपवण्याचे काम या मालिकेने पहिल्या चारपाच वर्षांतच केले.

मालिकेचे नाव जगभर झाले ते विल्यम जेम्समुळे. हार्वर्डचा हा मानसशास्त्रज्ञ हृदयविकाराने इतका खचला होता की व्याख्याने लांबणीवर पडली. अखेर १९०१ आणि १९०२ मध्ये एडिंबरोत त्याने वीस व्याख्याने दिली. पहिल्याच दिवशी त्याने श्रोत्यांना सांगितले की अमेरिकनांना युरोपीय पंडितांचे ऐकण्याची सवय आहे, आपण बोलायचे आणि युरोपीयांनी ऐकायचे हे अजून अंगवळणी पडलेले नाही. मग त्याने चर्च, पाद्री, सिद्धान्त हे सगळे बाजूला ठेवले आणि एकएकट्या माणसांचे अनुभव घेतले: धर्मांतर, पश्चात्ताप, निराशेच्या गर्तेतून वर येणे, समाधी. समाधीच्या प्रकरणात विवेकानंदांच्या राजयोगावरील लेखनाचे दाखले आहेत. १९०२ मध्ये निघालेला ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पिरियन्स’ हा ग्रंथ आजही छापला जातो आणि वाचला जातो. त्याच्या वाचनीयतेचे मोठे श्रेय समोर बसलेल्या मिश्र श्रोत्यांना आहे. त्या बाकांवर केवळ तज्ज्ञ असते, तर जेम्सने इतकी माणसे, इतक्या कबुल्या, इतके किस्से कशाला सांगितले असते?

श्रोते असे मदतीला येतात, तसे उठूनही जातात. १९२७ साली खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन एडिंबरोत बोलले. नव्या भौतिकीत पदार्थ म्हणजे काय उरला, हे सांगताना त्यांनी समोरच्या टेबलाची दोन रूपे दाखवली: हाताला लागणारे घट्ट लाकूड आणि विज्ञानाच्या नजरेतली बहुतांशी मोकळी जागा. लोकांना ते फार आवडले. पुढच्या वर्षी त्याच शहरात आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड आले. सुरुवातीला मोठी असलेली गर्दी पाहता पाहता ओसरली आणि पाचसहा निष्ठावंत तेवढे उरले, असे त्या वेळच्यांनी सांगून ठेवले आहे. वक्त्याने नवी परिभाषा घडवायला घेतली होती आणि ती कानांनी पकडणे कुणालाही अवघडच होते. ती व्याख्याने वाढवून १९२९ साली निघालेला ‘प्रोसेस अँड रिॲलिटी’ हा विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानाचा एक आधारग्रंथ ठरला. सभागृह भरले की व्याख्यान यशस्वी, ही आपली सरधोपट मोजपट्टी या दोन वर्षांच्या अनुभवापुढे टिकत नाही. व्याख्याने सार्वजनिक हवीत असे गिफर्डांनी लिहिले; ती गर्दी खेचणारी हवीत असे मात्र लिहिले नाही.

मृत्युपत्राच्या अटींची खरी कसोटी १९३७ मध्ये लागली. ॲबर्डीनने कार्ल बार्थ या स्विस धर्मचिंतकाला बोलावले. ईश्वराचे ज्ञान ईश्वरानेच दिले तर मिळते, बुद्धीने तेथवर जाण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, हे बार्थचे आयुष्यभराचे प्रतिपादन. म्हणजे ज्या विषयासाठी गिफर्डांनी पैसे ठेवले त्या विषयाचाच तो वैरी. बार्थने हे लपवले नाही. आपण या विद्येचे विरोधक आहोत असे सुरुवातीलाच सांगून त्याने १५६० च्या स्कॉटिश श्रद्धापत्रावर व्याख्याने दिली. विरोधी बाजू ठणकावून मांडली तर तीही विषयाची सेवाच, असा त्याचा युक्तिवाद. विद्यापीठाने तो मान्य केला. दोनच वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, हिटलरशी निष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिल्यामुळे याच बार्थला बॉनमधली नोकरी गमवावी लागली होती. शपथ मागणारे विद्यापीठ आणि शपथ न मागणारे व्यासपीठ, दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आली.

युद्धांनीही या मालिकेवर आपले ठसे ठेवले. आन्री बेर्गसाँने १९१४ च्या वसंतात एडिंबरोत व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावर बोलायला सुरुवात केली. त्याचे दुसरे सत्र शरदात व्हायचे होते, ते महायुद्धामुळे कधीच झाले नाही. ऑक्टोबर १९३९ मध्ये राइनहोल्ड नीबुर त्याच शहरात मानवी स्वभावावर बोलत असताना जर्मन विमानांनी जवळच्या फोर्थ खाडीतल्या नौदलावर हल्ला केला. तोफांचे आवाज सभागृहात येऊ लागले, श्रोते चुळबुळू लागले. बोलण्यात गुंतलेल्या नीबुरला वाटले, आपलेच काहीतरी चुकते आहे. माणसाच्या गर्वाविषयी आणि पापाविषयीचे त्याचे विवेचन पुढे दोन खंडांत छापले गेले.

या उदार मृत्युपत्राची एक मर्यादा मात्र ठळक आहे. मजकुरात सर्वत्र ‘पुरुष’ आहेत, आणि निवड करणाऱ्यांनी दीर्घकाळ तो शब्द अक्षरशः पाळला. पहिली स्त्री व्यासपीठावर आली ती १९७३ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर ८५ वर्षांनी. ती हाना आरेंट. ॲबर्डीनमध्ये तिने ‘विचार करणे’ या क्रियेवर पहिले सत्र दिले. १९७४ च्या मे महिन्यात ‘इच्छा करणे’ हा दुसरा भाग सुरू करताच तिला हृदयविकाराचा झटका आला. १९७५ च्या डिसेंबरात ती गेली. तिसऱ्या भागाचे, ‘निवाडा करणे’चे, केवळ शीर्षक आणि दोन अवतरणे टंकलेखन यंत्रावरच्या कागदावर सापडली. मैत्रीण मेरी मॅकार्थीने संपादित केलेले ‘द लाइफ ऑफ द माइंड’ १९७८ मध्ये निघाले. त्यानंतर १९८२ मध्ये आयरिस मर्डॉक आली. तिने व्याख्याने पुस्तकात उतरवायला दहा वर्षे घेतली. पुढे मेरी डग्लस, मार्था नसबॉम आल्या.

एका वक्त्याने उभे राहून बोलायचे, हा साचाही अधूनमधून मोडला गेला. १९७१ ते १९७३ या काळात एडिंबरोने चौघांना एकत्र बसवले: अँथनी केनी आणि जॉन लूकस हे तत्त्वज्ञ, मनाच्या आणि संगणनाच्या अभ्यासाकडे वळलेले रसायनज्ञ क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स आणि जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन. विषय होता मन. चौघे एकमेकांना तोडत, खोडत बोलले आणि तो वाद तसाच दोन पुस्तकांत छापला गेला. १९८१ मध्ये इराणचे सय्यद हुसेन नस्र आले. या व्यासपीठावरचे ते पहिले मुस्लिम वक्ते. इराणमधल्या क्रांतीनंतर ग्रंथसंग्रह मागे सोडून ते परागंदा झालेले होते. चार वर्षांनी ग्लासगोत कार्ल सेगन बोलले. ईश्वर आहे म्हणता तर पुरावा दाखवा, असा त्यांचा सरळ पवित्रा. त्यांच्या पुस्तकाला १९८५ पासून २००६ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि तोवर त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती.

मराठी वाचकाच्या मनात येथे आपल्याकडचा हिशेब सुरू होईल, आणि तो व्हायलाही हवा. मुंबई विद्यापीठात गिफर्डमालेच्याही आधी एक स्मृतिव्याख्यानमाला सुरू झाली होती, आणि तीही एका स्कॉटिश माणसाच्या नावाने. जॉन विल्सन १८७५ मध्ये वारले. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विल्सन व्याख्याने दिली, संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर. सात व्याख्यानांत त्यांनी संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश असा प्रवास करत मराठी, हिंदी, गुजराती गाठल्या. भारतीय विद्वानाने केलेले हे या विषयाचे पहिले पद्धतशीर विवेचन. पण ते एकत्र ग्रंथरूपाने आले १९१४ मध्ये, सदतीस वर्षांनी. एका पिढीला त्या सभागृहातल्या आठवणीवर आणि विखुरलेल्या छापील भागांवर भागवावे लागले.

वक्त्याला मोकळे सोडण्याच्या बाबतीतला आपला अनुभव दुहेरी आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले, भाषणाचा मजकूर आधी पाहिला आणि काही भाग गाळण्याची विनंती केली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे त्यांनी कळवले. परिषद रद्द झाली. आंबेडकरांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ न बोलताच इतिहासात गेले. तीन वर्षांनी, २९ जानेवारी १९३९ रोजी, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने त्याच आंबेडकरांना काळे स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले. साताऱ्याच्या रावबहादूर काळे यांच्या देणगीवर उभी राहिलेली ही संस्था. तेथे त्यांनी १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्य योजनेवर कठोर टीका केली; कुणी मजकूर कापला नाही, आणि भाषण त्याच वर्षी छापून झाले. लाहोरचे मंडळ सुधारकांचे होते. पुण्याची संस्था अभ्यासकांची. वक्ता तोच होता. फरक पडला तो आधी मजकूर तपासण्याचा हक्क कुणी स्वतःकडे ठेवला आणि कुणी ठेवला नाही यामुळे. गोव्यात २००८ पासून पणजीला दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाने विचारमहोत्सव भरतो. नव्याने अशी व्यासपीठे उभारणाऱ्या प्रत्येकाने गिफर्डांचे मृत्युपत्र एकदा कलमवार वाचावे, ते याच मुद्द्यासाठी.

पुढील परिचय कालक्रमाने लावले असले तरी वाचकाने त्याच क्रमाने जावे असा आग्रह नाही. तत्त्वज्ञानाची ओळख नसलेल्याने जेम्सपासून आरंभ करावा. तेथे पूर्वतयारी लागत नाही. विज्ञानाची आवड असलेल्याने एडिंग्टन आणि सेगन लागोपाठ वाचावेत, म्हणजे साठ वर्षांत एकाच प्रश्नाचा सूर किती बदलला ते लक्षात येईल. म्यूलर आणि नस्र यांना एकमेकांसमोर ठेवले, तर पूर्वेकडे बाहेरून पाहणे आणि तिच्या आतून बोलणे यांतले अंतर दिसेल. बार्थ वाचताना राग येण्याची शक्यता आहे. तरीही शेवटपर्यंत जावे, कारण मालिकेच्या मूळ कल्पनेवरचा सर्वांत बिनतोड हल्ला त्याचाच आहे. व्हाइटहेडला मात्र वेगळा वेळ द्यावा, हाताशी वही ठेवावी आणि एका बैठकीत दहा पानांपुढे जाऊ नये. एडिंबरोच्या श्रोत्यांना मागचे पान पुन्हा उलटण्याची सोय नव्हती. वाचकाला ती आहे.